संगीतपट : पुरस्कार आणि प्रेक्षक (कोकणच्या संदर्भात)

संगीतपट : ज्या चित्रपटातली कथा गाण्यातून पुढे सरकते, आणि गाणे काढून घेतले तर गोष्टच अडते, तो संगीतपट. नुसती गाणी असलेला चित्रपट आणि संगीतपट यांत एवढा फरक आहे. रोजच्या मराठी बोलण्यात तो फारसा पाळला जात नाही, आणि कोकणात तर त्याची गरजच पडलेली नाही. सिंधुदुर्गातला दशावतार, रत्नागिरीकडचे नमन आणि जाखडी, गोव्यातला तियात्र, शिवाय सगळ्या किनाऱ्यावर रुजलेले संगीत नाटक, अशा मुलखात गाण्याशिवायचा खेळ हीच नवलाची गोष्ट. म्हणून ‘माणसे बोलता बोलता एकदम गायला का लागतात’ हा पाश्चात्त्य प्रेक्षकाला पडणारा प्रश्न इथल्या प्रेक्षकाला कधी पडला नाही. प्रस्तुत नोंदीत तिकीट काढणारे आणि पुरस्कार देणारे यांनी या प्रकाराला कसे वागवले, आणि त्यात कोकणाचा वाटा कोणता, हे पाहिले आहे.

वन्स मोअर : संगीत नाटकाच्या प्रेक्षकाकडे स्वतःचे मत नोंदवण्याची एक जागा होती. पद आवडले की ‘वन्स मोअर’ यायचा आणि नट ते पद पुन्हा, पण वेगळ्या हरकती घेऊन गायचा. नाटके पहाटेपर्यंत लांबायची ती यामुळे. दशावतारात ही देवघेव अजून उघड्यावर चालते. जत्रेची रात्र, मध्यरात्र उलटलेली, आख्यान रंगात आलेले. स्त्रीभूमिकेतला नट पद उचलतो. पेटीवाला त्याच्या तोंडाकडे बघत सूर धरतो, मृदंगावर थाप पडते, झांज मिसळते. देवळाच्या भिंतीला टेकून पेंगणारा म्हातारा डोळे न उघडता मान हलवू लागतो. मग कोणीतरी उठून रंगमंचापाशी जातो आणि नटाच्या हातात नोट ठेवतो. या एका क्षणात प्रेक्षक, परीक्षक आणि पुरस्कार तिन्ही एकत्र आलेले असतात.

चित्रपटाने हे तोडले. पडद्यावरचा गायक वन्स मोअर ऐकत नाही. गाणे संपले की रीळ पुढे जाते. प्रेक्षकाची दाद तिकीट खिडकीवर गेली आणि गुणांची पारख परीक्षक मंडळांकडे. संगीतपटाच्या वाट्याला पुढे जे आले ते या फाळणीतून आले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रंगमंचावरून पडद्यावर : पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, त्यात सात गाणी होती. पुढच्याच वर्षी ‘इंद्रसभा’त गाण्यांची संख्या सत्तरीच्या आसपास गेली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटात संगीत दिले गोविंदराव टेंबे यांनी आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. म्हणजे नाटक कंपनीतला पेटीवरचा माणूस थेट पडद्यावर राजा झाला. नाटक मंडळ्यांना मात्र हा बदल सोसला नाही. गोव्यातल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची बलवंत संगीत मंडळी लोकांनी डोक्यावर घेतली होती. बोलपट आल्यावर दीनानाथांनी ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) काढून नशीब अजमावले, पण त्यातून मंडळी सावरली नाही. प्रेक्षक गाण्याला सोडून गेला नव्हता. तो कमी पैशांत, जवळच्या तंबूत किंवा थिएटरात, तेच गाणे ऐकायला गेला होता.

याच काळात पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ला (१९३६) गावोगावी अफाट गर्दी झाली आणि व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची गणना उत्तम चित्रपटांत झाली. विष्णुपंत पागनीस त्यात अभंग ‘सादर’ करत नाहीत. तुकाराम जसा बोलतो तसाच गातो. भजनाची सवय असलेल्या प्रेक्षकाला आणि मराठीचा गंधही नसलेल्या परीक्षकाला एकच गोष्ट भावली, असे फार क्वचित घडते.

हॉलीवूड आणि ऑस्कर : अमेरिकेत संगीतपट हा वेगळा, नाव असलेला प्रकार आहे, आणि त्याचे चढउतार मोजता येतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळालेला पहिला बोलपट ‘द ब्रॉडवे मेलडी’ (१९२९) हा संगीतपटच होता. या प्रकाराचा सोन्याचा काळ १९५८ ते १९६८ हा. या अकरा वर्षांत ‘जीजी’, ‘वेस्ट साइड स्टोरी’, ‘माय फेअर लेडी’, ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि ‘ऑलिव्हर!’ अशा पाच संगीतपटांनी हा मान मिळवला. ‘वेस्ट साइड स्टोरी’ला (१९६१) अकरा नामांकनांपैकी दहा पुरस्कार मिळाले. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ने तर तिकीट विक्रीत ‘गॉन विथ द विंड’लाही मागे टाकले. त्यानंतर मोठ्या खर्चाचे संगीतपट एकामागून एक आपटले. ‘डॉक्टर डूलिटल’ (१९६७) आणि ‘हॅलो, डॉली!’ (१९६९) यांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन होते, पण घातलेला पैसा निघाला नाही. १९७२ च्या ‘कॅबरे’ने आठ ऑस्कर जिंकले, तरी मुख्य पुरस्कार ‘द गॉडफादर’कडे गेला. ‘ऑलिव्हर!’नंतर २००२ च्या ‘शिकागो’पर्यंत तीन दशकांहून जास्त काळ एकाही संगीतपटाला तो मिळाला नाही, आणि ‘शिकागो’नंतरही मिळालेला नाही. २०१७ च्या समारंभात चौदा नामांकने असलेल्या ‘ला ला लँड’चे नाव मंचावरून पुकारले गेले, निर्माते बोलूही लागले, आणि मग कळले की लिफाफा चुकीचा होता. विजेता ‘मूनलाइट’ होता.

यामागे मतदानाची पद्धतही आहे. २००९ च्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मतदार पसंतीक्रम लावतात. तळाचा चित्रपट बाद होतो, त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळतात, आणि कोणालातरी निम्म्याहून जास्त मते मिळेपर्यंत हे चालते. अशा पद्धतीत सगळ्यांना बऱ्यापैकी आवडलेला चित्रपट पुढे सरकतो. काहींचा जीव की प्राण आणि काहींना असह्य असा चित्रपट मागे पडतो. संगीतपट बहुधा दुसऱ्या जातीचा. ज्याला गाणारी पात्रे खटकतात, तो त्याला थेट खालच्या क्रमांकावर टाकतो. गोल्डन ग्लोबमध्ये ‘विनोदी किंवा संगीतप्रधान’ असा वेगळा वर्ग ठेवलेला आहे. त्यामुळे तिथे संगीतपटाला जागा मिळते, पण गंभीर नाट्यपटाशी त्याची गाठच पडत नाही.

प्रेक्षकांचा हिशेब निराळा. ‘सिंगिंग इन द रेन’ला (१९५२) अवघी दोन नामांकने होती आणि पुरस्कार एकही नाही. आज जगातल्या सर्वांत लाडक्या संगीतपटांत तो धरला जातो. ‘द ग्रेटेस्ट शोमन’ (२०१७) पहिल्या शनिवार-रविवारी जेमतेम ८८ लाख डॉलरवर अडकला, मग केवळ गाण्यांच्या जोरावर महिनोन् महिने चालून जगभरात चाळीस कोटी डॉलरच्या पुढे गेला. ऑस्करला त्याचे एक गाणे तेवढे पोचले. उलट स्पीलबर्गच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ला (२०२१) सात नामांकने मिळाली, पण तिकीट खिडकीवर तो पडला. अलीकडे तर हॉलीवूडचे वितरक झलकेत गाणी दाखवायलाच कचरतात. ‘वोंका’ (२०२३) आणि ‘मीन गर्ल्स’ (२०२४) यांच्या सुरुवातीच्या झलका पाहून हे संगीतपट आहेत हे कळतही नव्हते. मराठीत नेमके उलटे : गाणे महिनाभर आधी बाहेर येते, मोबाइलवर वाजते, लग्नाच्या वरातीत वाजते, आणि ते चालले तर मग चित्रपट लागतो.

भारतातले पुरस्कार : पहिले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये दिले गेले आणि पहिले सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. कथा दापोलीजवळच्या पालगडची, संगीत कुडाळ भागातले वसंत देसाई यांचे. ‘भरजरी गं पितांबर’ आणि ‘छडी लागे छमछम’ त्यातलीच. तेव्हा या पुरस्कारांत संगीताला वेगळा वर्ग नव्हता, जो काही मान तो अख्ख्या चित्रपटाचा. संगीतकार आणि पार्श्वगायकाचे राष्ट्रीय पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. फिल्मफेअरमध्ये संगीतकाराचा पुरस्कार पहिल्यापासून होता, गायकाचा नव्हता. त्यासाठी लता मंगेशकर यांनी आग्रह धरला, समारंभात गायला नकार दिला. गायनाचा पुरस्कार १९५९ मध्ये सुरू झाला आणि ‘आजा रे परदेसी’साठी पहिल्यांदा त्यांनाच मिळाला. मंगेशीच्या या घराण्याने पार्श्वगायकाला त्याचे नाव मिळवून दिले, हे ऋण मोठे आहे.

पण वर्ग वेगळे झाल्यावर संगीतपटाचे तुकडे पडू लागले. ‘बालगंधर्व’ला (२०११) राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते आनंद भाटे यांच्या गायनाला, विक्रम गायकवाड यांच्या रंगभूषेला आणि नीता लुल्ला यांच्या वेशभूषेला. ‘कट्यार काळजात घुसली’तून (२०१५) महेश काळे यांच्या गायनाला. ‘मी वसंतराव’मधून राहुल देशपांडे यांच्या गायनाला आणि अनमोल भावे यांच्या ध्वनी आरेखनाला. या तिन्ही गायकांबद्दल दुमत नाही. तरीही ज्या चित्रपटांत गाणे हाच कथेचा विषय आहे, त्यांतला गळा उचलून सन्मानित करणे आणि उरलेला चित्रपट बाजूला ठेवणे, ही पारख अपुरी आहे. परदेशातही हेच झाले. ‘आरआरआर’ला ऑस्करमध्ये एकच नामांकन होते आणि तो पुरस्कार ‘नाटू नाटू’ या गाण्याने आणला (२०२३).

त्यात ‘कट्यार’चा दाखला जवळून पाहण्याजोगा आहे. मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, १९६७ चे, आणि त्याचे संगीत मंगेशीच्याच पंडित जितेंद्र अभिषेकींचे. चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांबरोबर नवी गाणी बांधली. परीक्षकांनी निवडले ‘अरुणि किरणी’, अवघड आणि रागदारीची पक्की तालीम मागणारे. लोकांनी उचलले ‘सूर निरागस हो’. गणेशोत्सवात ते आता असे गायले जाते की हे चित्रपटातले गाणे आहे हे लहान मुलांना सांगावे लागते. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘सैराट’ही होता. रिंकू राजगुरू हिच्या अभिनयाची विशेष दखल घेतली गेली, संगीताची नाही. मग २०१६ च्या उन्हाळ्यात तो लागला आणि ‘झिंगाट’ला माणसे खुर्च्या सोडून नाचली. थिएटरात वन्स मोअर परत आल्यासारखे ते दृश्य होते.

किनाऱ्यावरचे दोन संगीतपट : अख्खा संगीतपट सन्मानित झाल्याची दोन उदाहरणे या पट्ट्यातच घडली आहेत. पहिले ‘जैत रे जैत’ (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. रायगड भागातल्या ठाकरांची ही गोष्ट : ढोल वाजवणारा नाग्या, त्याची चिंधी आणि लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी. यात गाणी प्रसंगाला चिकटवलेली नाहीत. समूह गातो, निसर्ग सांगतो, मन बोलते ते सगळे गाण्यातच. ‘नभ उतरू आलं’ वगळून चिंधीचे मन दाखवायचे तर दिग्दर्शकाला दुसरी वाट सापडली नसती. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि मराठीत ‘संगीतपट’ हा शब्द कोणत्या चित्रपटाला खऱ्या अर्थाने लागतो असे विचारले तर आजही पहिले नाव हेच घ्यावे लागते.

दुसरा कोंकणी : बारड्रॉय बारेटो यांचा ‘नाचूं-या कुंपासार’. गोव्यातून मुंबईला जाऊन हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या वादकांची ही दुनिया. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांची जुनी गाणी पुन्हा बांधून कथा त्यांवरच उभी केलेली. त्याला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट आणि निर्मिती आरेखन असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, नायिका पालोमी घोषचा विशेष उल्लेख झाला. गोव्यातल्या जुन्या पिढीला ही गाणी तोंडपाठ होती. चित्रपट पाहताना ती आपले तरुणपण ऐकत होती.

गाण्याचे पुढचे आयुष्य : पुरस्कार आणि गल्ला यांशिवाय कोकणात गाण्याची तिसरी एक परीक्षा आहे. रत्नागिरीकडच्या नमनात गवळणीला चालू चित्रपटगीताची चाल लावतात. सिंधुदुर्गात डबलबारीच्या भजनात दोन बुवा समोरासमोर बसतात, आणि गजराला चाल कोणती घ्यायची यावर बारी फिरू शकते. चाल सहज तोंडात बसणारी हवी, पखवाजाच्या ठेक्यात मावणारी हवी, आणि मागे बसलेल्या मंडळींनी पहिल्याच फेरीत उचलली पाहिजे. बुवा पेटीवर दोन सूर देतो, शब्द विठ्ठलाचे किंवा गणपतीचे, आणि मांडवातली माणसे चाल ओळखून हसतात, टाळ्या धरतात. ज्या चित्रपटाची ती चाल असते तो कधीच उतरलेला असतो. गजर मात्र रात्री एक वाजता, झांजांच्या गदारोळात, दुसऱ्या बुवाने उत्तर द्यायला पेटी पुढे ओढेपर्यंत चालूच असतो.