फेज म्हणावं की नको? आर्कियांच्या विषाणूंची पूर्वपीठिका

1974 मध्ये टॉर्सविक आणि डंडास या दोघांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध छापला. अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाला मारणारा विषाणू त्यांना सापडला होता. शीर्षकात त्यांनी सरळ ‘बॅक्टेरियोफेज’ लिहिलं. तेव्हा दुसरं लिहिणार तरी काय? हॅलोबॅक्टेरियम मुळात बॅक्टेरिया नाहीच, हे कळायला अजून काही वर्षं होती.

बॅक्टेरियोफेज, म्हणजे जिवाणू खाणारा (थोडक्यात फेज), हा शब्द फेलिक्स डेरेल याचा. 1917 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याने केलेला प्रयोग आजही सुंदर वाटतो. आमांशाच्या रुग्णाची विष्ठा जिवाणूसुद्धा अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळायची आणि खाली आलेले काही थेंब जिवाणूंनी गढूळ झालेल्या नळीत सोडायचे. नळी निवळून जाई. हेच आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट जेलीच्या, थाळीवर केलं, तर जिवाणूंच्या सलग सायीत गोल, नितळ भोकं पडत. मारणारी वस्तू विरघळलेलं रसायन असती, तर सगळी साय सारखीच विरळ झाली असती. सुटी सुटी भोकं पडतात, म्हणजे मारणारा कणाकणाने आहे आणि जिवाणूच्या जिवावर वाढतो आहे, असा डेरेलचा तर्क होता.

इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्टने 1915 मध्येच जिवाणूंच्या वसाहती काचेसारख्या होताना पाहिल्या होत्या, पण कारण विषाणू की विकर, हे त्याने मोकळं ठेवलं. आपल्याकडे त्याही आधीचं, 1896 सालचं, भारतात काम करणाऱ्या हॅन्किन या ब्रिटिश जिवाणूशास्त्रज्ञाचं नाव घेतात. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलराचे जिवाणू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो, असं त्याने नोंदवलं. निरीक्षण चोख आहे; पण त्यावरून त्याला फेजचा शोधक ठरवणं मला ओढूनताणून वाटतं. विषाणूची कल्पना त्याने मांडलीच नव्हती.

पुढचा काळ फेजचाच होता. 1923 मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीत फेजवर काम करणारी संस्था उभी राहिली, 1940 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फेजचं दर्शन घडवलं, 1952 मध्ये हर्शी आणि चेस यांनी फेज वापरूनच आनुवंशिकतेचं द्रव्य डीएनए आहे हे पटवून दिलं. डोकं, शेपूट आणि कोळ्यासारखे पाय असलेलं फेजचं चित्र पाठ्यपुस्तकांत कायमचं बसलं.

1977 मध्ये वोज आणि फॉक्स यांनी रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, आरएनएची तुलना करून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव बॅक्टेरियांपासून वेगळे काढले. लवकरच हॅलोबॅक्टेरियमही त्यांच्याच गोटात गेला. हा गट म्हणजे आर्किया. मग जर्मनीचे व्होल्फ्राम झिलिग आणि नंतर जॉर्जियाचे डेव्हिड प्रांगिश्विली यांच्यासारख्या संशोधकांनी उकळत्या आम्लधर्मी झऱ्यांचा पिच्छा पुरवला. जे सापडलं ते पाठ्यपुस्तकात नव्हतं: लिंबासारखे, बाटलीसारखे, काडीसारखे विषाणू. काही तर बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावर सात बाजूंचे पिरॅमिड उभारतात आणि ते पाकळ्यांसारखे उमलले की त्यातून निसटतात.

सर्वांत चमत्कारिक, इटलीतल्या पोझुओलीच्या गरम झऱ्यातला. 2005 मध्ये त्याचं वर्णन झालं. पेशीतून बाहेर येतो तेव्हा तो नुसता लिंबाच्या आकाराचा असतो. मग आसपास पेशी नसतानाही त्याच्या दोन्ही टोकांना शेपट्या फुटतात. अट एकच: पाणी त्याच्या यजमानाला, म्हणजे तो ज्या पेशीत वाढतो त्या सूक्ष्मजीवाला, मानवेल इतकं, 75 अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं हवं. पेशीबाहेर विषाणू निपचित पडून असतो, हा नियम इथे मोडला.

यानंतर या मंडळींना फेज म्हणणं अवघडच झालं. आता अनेक अभ्यासक ‘आर्कियांचे विषाणू’ म्हणतात आणि फेज हा शब्द बॅक्टेरियांपुरता ठेवतात. पण खारट पाण्यातल्या आर्कियांना गाठणारे कितीतरी विषाणू डोकं-शेपटीचेच आहेत, आणि वर्गीकरणात ते बॅक्टेरियांच्या शेपटीवाल्या फेजबरोबर एकाच वर्गात, कॉडोव्हिरिसेटीसमध्ये, येतात; कुळं तेवढी वेगळी. 1974 चा तो विषाणूही डोकं-शेपटीचाच होता. यजमान ओळखण्यात चूक झाली होती. विषाणूची जात मात्र त्या दोघांनी बरीचशी बरोबर ओळखली होती.