द्रवत्व

पदार्थाचा वाहण्याचा गुणधर्म. द्रव आपले आकारमान राखतो, आकार मात्र भांड्याचा घेतो. त्याच्या वाहण्याला आतून जो विरोध होतो त्याला श्यानता म्हणतात; तिचा व्यस्तांक हे द्रवत्वाचे माप होय.

भारतीय परंपरेत द्रवत्वाचा सर्वांत पद्धतशीर विचार वैशेषिक दर्शनात, म्हणजे पदार्थांचे वर्गीकरण करणाऱ्या प्राचीन तत्त्वज्ञानशाखेत, आढळतो. तिचे प्रवर्तक कणाद यांच्या सूत्रांचा काळ वादग्रस्त असून तो इ. स. पू. सहाव्या शतकापासून इ. स. दुसऱ्या शतकापर्यंत कोठेही धरला जातो. सध्याचा पाठ इसवी सनाच्या आगेमागे स्थिरावला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भाष्यकार प्रशस्तपाद (बहुधा सहावे शतक) द्रवत्वाचे दोन प्रकार मानतात : सांसिद्धिक, म्हणजे पाण्याचे स्वाभाविक, आणि नैमित्तिक, म्हणजे अग्निसंयोगाने येणारे. दुसऱ्या प्रकारासाठी सूत्रांत तूप, लाख व मेण, तसेच कथील, शिसे, लोखंड, चांदी व सोने ही उदाहरणे येतात.

आधुनिक दृष्टीने ही यादी एकजिनसी नाही. शुद्ध शिसे ३२७° से. ला वितळते, सोने १,०६४° से. ला. लाखेला असा निश्चित वितळबिंदू नाही. गोंदिया-गडचिरोली भागात पळस व कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडून काढलेली ही कीटकजन्य राळ अस्फटिकी (कणांची ठरीव रचना नसलेली) असल्यामुळे तापवताना आधी मऊ पडते, मग तार धरते आणि शेवटी वाहू लागते. सोनार पोकळ मण्यांत ती भरतो तो याच मधल्या अवस्थेच्या जोरावर. त्याच झाडीपट्टीत मोहाच्या बियांचे तेल थंडीत थिजते आणि उन्हे तापली की पुन्हा पातळ होते. त्यातील निरनिराळे मेद वेगवेगळ्या तापमानांना वितळतात. म्हणून ते दिवसचे दिवस अर्धवट थिजलेले राहू शकते.

खरी अडचण गारांची. पाण्याचे द्रवत्व स्वाभाविक, तर गार घट्ट कशी? सूत्रानुसार पाण्याचे घट्ट होणे व वितळणे ही दोन्ही तेजाच्या (अग्नितत्त्वाच्या) संयोगाने घडतात, आणि ढगात तेज असल्याची खूण म्हणजे गडगडाट. प्रशस्तपादांच्या मते दिव्य तेजामुळे जलपरमाणूंचे द्रवत्व अडवले जाते; ते नष्ट होत नाही. काही आधुनिक अभ्यासक यात सुप्त उष्णतेची (तापमान न बदलता अवस्था बदलताना घेतल्या वा सोडल्या जाणाऱ्या उष्णतेची) चाहूल पाहतात. हे वाचन ओढूनताणून केलेले दिसते, सूत्रांत मोजमाप नाही, आणि गोठताना पाणी उष्णता बाहेर टाकते (किलोग्रॅममागे सु. ३३४ किलोजूल) हे जोसेफ ब्लॅक यांच्या १७६०च्या सुमाराच्या प्रयोगांनंतरच स्पष्ट झाले.

गडगडाटाचे निरीक्षण मात्र अचूक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वऱ्हाडात व नागपूरकडे गहू, हरभरा आणि संत्र्याचा आंबिया बहार झोडपणाऱ्या गारा विजेच्या उंच ढगांतूनच पडतात. त्या ढगांत शून्याखालीही पाणी द्रव राहते; गोठणकेंद्र (बर्फ धरण्यास आधार देणारा सूक्ष्म कण) न मिळाल्यास सु. −३८° से. पर्यंत. असे अतिशीत थेंब गारेवर आदळून गोठतात. गोठणे झटपट झाले तर हवा अडकून थर दुधी होतो, सावकाश झाले तर पारदर्शक. ताजी गार मधोमध फोडली की हे थर दिसतात.

वायूला वैशेषिकांनी द्रवत्व दिलेले नाही. ते पृथ्वी, अप् (पाणी) व तेज या तिघांपुरतेच आहे. आधुनिक भौतिकीत द्रव आणि वायू दोहोंना मिळून द्रायू म्हणतात.