दारूने तोंडातले जंतू मरतात, या समजुतीची पार्श्वभूमी

दाढ ठणकू लागली की ब्रँडीत भिजवलेला कापसाचा बोळा तिच्यावर धरावा, हा घरगुती उपाय आपल्याकडे अनेकांनी ऐकलेला असतो. गोव्यात ब्रँडीच्या जागी फेणी येते, एवढाच फरक. त्यामागचा तर्क सरळ आहे. जखम धुण्याच्या स्पिरिटने जंतू मरत असतील, तर रोज घेणाऱ्याच्या तोंडात ते टिकतीलच कसे? ही समजूत नवी नाही. दात पोखरणाऱ्या अळीला उद्देशून रचलेला एक मंत्र बॅबिलोनियातील मातीच्या पाटीवर सापडला असून, त्याच्यासोबत सांगितलेल्या उपचारात बिअर आणि तेल एकत्र करून दुखऱ्या दातावर लावण्यास सांगितले आहे.

या तर्काची पहिली तपासणी हॉलंडमधील डेल्फ्टच्या एका कापड व्यापाऱ्याने केली. अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक यांनी १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात, दातांच्या फटीतला पांढरा गाळ स्वतः घडवलेल्या भिंगाखाली पाहिल्यावर दिसलेल्या हलत्या सूक्ष्म जीवांचे वर्णन आहे. रोज सकाळी ब्रँडी आणि दुपारी वाइन व तंबाखू घेणारा एक म्हातारा त्यांना भेटला. इतक्या दारूत हे जीव जगतात तरी कसे, हे पाहण्यासाठी त्यांनी त्याची थुंकी आणि दातांवरचा मळ तपासला. तोंड कधी धुतोस का, असे विचारल्यावर, पाण्याने जन्मात नाही, पण वाइनने आणि ब्रँडीने रोज खळखळून निघते, असे उत्तर मिळाले. थुंकीत काही विशेष आढळले नाही. मात्र समोरच्या दातांच्या मधून काढलेल्या गाळात (म्हाताऱ्याला दाढ एकही उरली नव्हती) जिवंत जीव पुष्कळ होते. याच पत्रव्यवहारात त्यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगाची नोंद आहे. द्राक्षाच्या तीव्र व्हिनेगरने दात धुऊनही गाळातले जीव वळवळत राहिले, पण तोच गाळ बाहेर काढून व्हिनेगरात कालवला तेव्हा ते लगेच मेले. धुताना फक्त वरच्या थरातले मरतात, आतपर्यंत व्हिनेगर पोचत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता, आणि दातांवरील जंतूंच्या चिकट थराबद्दल आज सांगितली जाणारी मुख्य गोष्ट तीच आहे. त्यात भर एवढीच, की निर्जंतुकीकरणासाठी सुमारे साठ ते नव्वद टक्के अल्कोहोल लागते, आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ते ४२.८ टक्के असते, आणि घोट तोंडात राहतो काही क्षणच.

जंतूंचा दात किडण्याशी संबंध जोडला जायला मात्र आणखी दोनशे वर्षे जावी लागली. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी उपटलेले दात पाव आणि लाळेच्या मिश्रणात उबेला ठेवले, तेव्हा दातांतील क्षार विरघळले. लाळ उकळून घेतली की तसे होईना, आणि पावाऐवजी मांस घातले तरी होईना. पिष्ट आणि साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात व ते आम्ल दात झिजवते, ही त्यांची मांडणी १८९०च्या त्यांच्या ग्रंथातून दंतवैद्यकात रुजली. पुढे १९२४ मध्ये लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू वेगळा केला. दातांवरच्या थराचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे ५.५च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते.

इथे दारूचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. किडवणारे हे जंतू इथेनॉलपासून, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलपासून, लॅक्टिक आम्ल बनवत नाहीत, त्यामुळे कोरी व्हिस्की स्वतः दात किडवते असे म्हणता येत नाही. दात किडतात ते तिच्याबरोबरच्या गोष्टींमुळे. ग्लासात ओतलेल्या कोल्ड्रिंकमध्ये साखर आणि आम्ल दोन्ही असतात, वाइनचा सामू तीन ते चारच्या दरम्यान असतो, दारूने लाळेचे प्रमाण घटते, आणि रात्री उशिरा घेणारा माणूस सहसा दात न घासताच झोपतो. लाळ आम्ल सौम्य करते आणि दाताला क्षार परत देते; तिचा ओघ आटला की साधा गोड घासही अधिक काळ नुकसान करत राहतो.

तोंडातल्या जंतूंची पूर्ण शिरगणती करणे जनुकीय तंत्रामुळे अलीकडेच शक्य झाले. अमेरिकेतील १,०४४ प्रौढांच्या नमुन्यांवर आधारलेला २०१८चा अभ्यास सांगतो की मद्यपींच्या तोंडात लॅक्टोबॅसिलेल्स गणातले जंतू कमी आणि नायसेरिया, अ‍ॅक्टिनोमायसिससारखे जंतू जास्त आढळतात. किडीशी नाव जोडले गेलेले लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस याच घटलेल्या गणात येतात, म्हणून काहींना हा निकाल दारूच्या बाजूचा वाटू शकेल. तसा अर्थ काढणे घाईचे ठरेल. एक तर हे एका वेळचे चित्र आहे, कारण-परिणाम नव्हे. दुसरे म्हणजे नमुने चूळ भरून घेतलेले होते, दातांच्या फटीतून काढलेले नव्हते, आणि थुंकी व फट यांत किती अंतर असते हे डेल्फ्टच्या म्हाताऱ्याने आधीच दाखवले होते.

नायसेरियाचे वाढणे अधिक गंभीर आहे, आणि तिथे विषय किडीच्या पलीकडे जातो. या गटातले काही जंतू इथेनॉलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर करण्यात तरबेज आहेत. १९९०च्या दशकात फिनलंडमधील मिक्को सालास्पुरो यांच्या गटाने दाखवले की दारू प्यायल्यानंतर लाळेत हे द्रव्य रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठते, आणि जंतुनाशकाने चुळा भरल्यावर त्याचे प्रमाण घटते; म्हणजे ते बऱ्याच अंशी यकृतातून येत नाही, तोंडातले जंतूच ते बनवतात. मद्यपानातून येणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले.