नगरसेवक आणि स्वीकृत नगरसेवक: पाटी एकच, दार वेगळं

15 जानेवारी 2026 रोजी राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झालं. निकाल लागले, गुलाल उधळून झाला. त्यानंतर सभागृहात आणखी काही जण येऊन बसतात, ज्यांच्यासाठी कुणीच बटण दाबलेलं नसतं. हे स्वीकृत नगरसेवक; कायद्याच्या भाषेत नामनिर्देशित सदस्य. गाडीच्या काचेवर मात्र दोघांच्याही नुसतं ‘नगरसेवक’ लिहिलेलं दिसतं. ‘स्वीकृत’ हा शब्द स्टिकरवर का मावत नाही, कोण जाणे.

निवडून आलेल्याचा हिशेब सरळ आहे. त्याला प्रभाग असतो: मुंबईत एका प्रभागाला एक, इतर महापालिकांत बहुतेक ठिकाणी चौघांचं पॅनेल. उमेदवारी अर्जासोबत मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. मध्येच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक. नळाला पाणी आलं नाही तर कुणाला फोन करायचा हे ठरलेलं असतं आणि पाच वर्षांनी तो पुन्हा दारात हात जोडून उभा राहणार, हेही ठरलेलं असतं.

स्वीकृत नगरसेवकाला प्रभागच नसतो. 1993 मध्ये अमलात आलेल्या 74व्या घटनादुरुस्तीने राज्यांना एक मुभा दिली: नगर प्रशासनाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांना सभागृहात घेता येईल, पण त्यांना मताचा अधिकार नसेल. हेतू चांगला होता. निवडणुकीच्या धबडग्यात न पडणाऱ्या डॉक्टर, अभियंता, वकील मंडळींचं शहाणपण शहराच्या कामी यावं. महाराष्ट्रात पूर्वी असे पाचपर्यंत सदस्य घेता येत. 2023 च्या दुरुस्तीनंतर निवडून आलेल्यांच्या 10 टक्के किंवा 10, यांतली जी संख्या कमी असेल तितके घेता येतात. म्हणजे 60 जागांच्या महापालिकेत सहा, आणि 227 जागांच्या मुंबईत 10.

सर्वसाधारण सभेत मतदान पुकारलं की फरक डोळ्यांना दिसतो. हात मोजले जातात, त्यात स्वीकृत सदस्याचा हात धरत नाहीत. मघाशी त्याच विषयावर तावातावाने बोललेला माणूस आता गप्प बसून असतो. महापौर किंवा समितीचा सभापतीही त्याला होता येत नाही. मग पुष्कळांना वाटतं, मतच नाही तर हा बिघडवणार काय? इथेच फसगत होते. महापालिकेतली बरीचशी कामं हात वर होण्याआधीच ठरलेली असतात: अभियंत्याच्या केबिनमध्ये, निविदेच्या अटी लिहिताना, कुठला विषय कार्यपत्रिकेवर घ्यायचा यावर. तिथे मत लागत नाही. ओळख लागते, आणि नावापुढे नगरसेवक असावं लागतं.

मग ही नावं येतात कुठून? पक्षांच्या गटनेत्यांकडून. सभागृहात ज्याचं जेवढं संख्याबळ, तेवढा त्याचा वाटा. आयुक्त सभागृह नेते, विरोधी पक्षनेते आणि गटनेत्यांशी चर्चा करून शिफारस करतात आणि सर्वसाधारण सभा नेमणूक करते. 2012 च्या नियमांत पात्रतेचे प्रकार दिलेले आहेत: वैद्यक, शिक्षण, लेखापरीक्षण, अभियांत्रिकी, वकिली, पालिका प्रशासनातले निवृत्त अधिकारी वगैरे. डॉक्टर व्हायचं तर पदवी लागते, ती ऐनवेळी आणता येत नाही. पण शेवटी एक प्रकार आहे: समाजकल्याणाचं काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा पदाधिकारी. सगळी गर्दी याच दाराशी. पडलेला उमेदवार, तिकीट कापलेला कार्यकर्ता, नेत्याचा पुतण्या. प्रत्येकाकडे कुठलं ना कुठलं प्रतिष्ठान असतंच. वर्षातून एकदा वह्यावाटप, त्याचे फोटो, आणि नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स. नियमाला अपेक्षित असलेला अनुभव कागदावर तयार. नागरिकांचा राग जो आहे तो याच गोष्टीवर, आणि माझ्या मते तो रास्त आहे. मतदाराने ज्याला घरी बसवलं, त्याला पक्षाने सभागृहात बसवायचं, तेही ‘तज्ज्ञ’ म्हणून.

दोघांना सारखी लागू असलेली गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही: अपात्रता. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या व्याख्येत नामनिर्देशित सदस्यही नगरसेवकच आहे. त्यामुळे कलम 10 त्यालाही लागू होतं. पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असेल तर पद जाऊ शकतं. स्वतः, पती-पत्नी किंवा अवलंबितांनी अनधिकृत बांधकाम केलं असेल तरीही. ‘मी काय निवडून आलेलो नाही’ हे उत्तर इथे चालत नाही.

निवडून आलेल्याला जाब विचारायला मतपेटी आहे. स्वीकृत सदस्याच्या बाबतीत पडताळणी होते ती फाइलमध्ये, म्हणून नागरिकांनीही तिथेच पाहायला हवं. माहिती अधिकारात 10 रुपयांच्या शुल्कासह नगरसचिव विभागाकडे अर्ज करा. आयुक्तांची शिफारस, पात्रतेची कागदपत्रं आणि सभेचा ठराव, तिन्हींच्या प्रती मागा. संस्थेच्या नावावर नेमणूक असेल तर नोंदणीची तारीख आणि पदाधिकारी म्हणून किती काळ काम केलं, हे आधी बघा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. आणि हे एकदाच करून भागत नाही. काही पक्ष वर्षा-दीड वर्षाने राजीनामा घेऊन दुसऱ्या नाराजाची वर्णी लावतात. त्यासाठी पोटनिवडणूक होत नाही, पुन्हा नामनिर्देशनच होतं. नव्या नावाची फाइल वेगळी, त्यामुळे अर्जही नव्याने करावा लागतो.