फ्लिपरच्या पोटातली दोन वेटोळी

समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या गावातलं पिनबॉलचं, म्हणजे उतरत्या पाटावर पोलादी गोळी खेळवायच्या यंत्रांचं, छोटंसं संग्रहालय. बाहेर लाटांचा आवाज, आत घंट्यांचा. यंत्रं नुसती बघायची नाहीत, खेळायचीही. मी मात्र रेंगाळलो ते दुरुस्तीला उघडलेल्या एका जुन्या यंत्रापाशी. खेळाचा पाट उभा केलेला, खाली तारांचं जंजाळ, रिले (विजेनं उघडमीट होणारे स्विच), दातेरी चाकं. चिप औषधालाही नाही! गुण मोजायचे तेही एकेक दाता पुढे सरकणाऱ्या चाकांनी.

पोलादी गोळी साधारण ८० ग्रॅमची, पाटाचा उतार जेमतेम साडेसहा अंशांचा. एवढ्या उतारावर घरंगळणाऱ्या गोळीचं त्वरण मोकळं पडणाऱ्या वस्तूच्या सुमारे बाराव्या हिश्श्याइतकंच असतं. म्हणून तर विचार करायला क्षणभर सवड मिळते.

पण विचार करून करणार काय? १९४७ पर्यंत गोळी सोडायची आणि यंत्राला हळूच धक्के द्यायचे, इतकंच हाती होतं. त्या वर्षी गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच गोळी परत वर भिरकावणारे छोटे हात, आले आणि नशिबाचा खेळ कौशल्याचा झाला.

फ्लिपरची गंमत त्याच्या विद्युतचुंबकात आहे. गोळी भिरकावायला जबर झटका हवा, म्हणजे भरपूर प्रवाह. पण खेळाडू बटण दाबूनच उभा राहिला तर? तोच प्रवाह काही सेकंदांत चुंबकाचं तारेचं वेटोळं जाळून टाकेल. म्हणून वेटोळी दोन: एक जाड तारेचं, एक बारीक तारेचं. सुरुवातीला जोर जाड तारेचा. फ्लिपर वर पोचला की त्याचाच दांडा एक स्विच उघडतो, आणि मग प्रवाहाला बारीक तारेतूनच जावं लागतं. तिचा रोध जास्त, म्हणून प्रवाह थोडा. तो पुरतो, कारण लोखंडी दट्ट्या एव्हाना वेटोळ्यात पूर्ण शिरलेला असतो. फट मिटली की त्याला धरून ठेवायला फार बळ लागत नाही.

बिचारा स्विच मात्र दर फटक्याला ठिणगी सोसतो. त्याची टोकं काळवंडली की फ्लिपर मरगळतो. चिकटून बसली तर वेटोळं जळतं. त्यात किनाऱ्यावरची खारी हवा!

नंतर शेजारच्या यंत्रावर खेळायला उभा राहिलो. गोळी निसटतेय म्हटल्यावर राहवलं नाही, कमरेनं एक धक्का दिला. आतला लोंबता लोलक भोवतीच्या धातूच्या कड्याला टेकला, मंडल पूर्ण झालं, 'टिल्ट', म्हणजे यंत्र फार हलवल्याची खूण, उजळलं आणि दोन्ही फ्लिपर लुळे पडले.