एकच बंदी, दोन संसार: रोमन लीजनरी आणि ऑक्झिलिअरी

रोमन काळावरच्या कादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास भेटतो. पंचवीस वर्षं गरुडध्वजाखाली लढलेला शिपाई सेवेतून मोकळा होतो, त्याच्या हाती काशाचा कोरीव पत्रा पडतो आणि त्या पत्र्याच्या जोरावर तो, त्याची बायको आणि पोरं एका दिवसात रोमन नागरिक होतात. वाचताना डोळे भरून येतात. पण या एका प्रसंगात दोन वेगळ्या माणसांची आयुष्यं एकत्र शिवलेली असतात. गरुडध्वज होता लीजनचा, म्हणजे नागरिकांच्या मुख्य पलटणीचा; तिचा शिपाई तो लीजनरी. काशाचा पत्रा मिळे तो ऑक्झिलियातल्या, म्हणजे सहायक पलटणींतल्या शिपायाला, ऑक्झिलिअरीला. आणि बायकोला तर नागरिकत्व या दोघांपैकी कुणाच्याच सेवेतून मिळत नसे.

लढाईच्या वर्णनात ही गल्लत झाली तर जाणकार वाचक फार तर कपाळाला आठी घालील. घरच्या गोष्टीत झाली तर पात्राचा हेतूच कोसळतो. हा माणूस इतकी वर्षं कशासाठी थांबला, या प्रश्नाचं उत्तर दोघांच्या बाबतीत सारखं नाही.

बाहेरून दिसणारा फरक आधी उरकून घेऊ. लीजनमध्ये शिरायला मुळात रोमन नागरिक असावं लागे. एक लीजन साधारण पाच हजारांची. आयताकृती, बाकदार ढाल, फेकायचा जड भाला आणि आखूड तलवार हे तिथल्या शिपायाचं सामान. ऑक्झिलियात नागरिक नसलेली प्रजा भरती होई: ऱ्हाइनच्या मुखाकडचे बटाव्हियन, बाल्कनमधले थ्रेशियन, सीरियातले धनुर्धर. त्यांच्या तुकड्या पाचशे ते हजारांच्या. पायदळाची ती कोहॉर्ट, घोडदळाची ती आला. ढाल बहुधा चपटी, लंबगोल. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर (इ.स. ११३) दोघे शेजारी शेजारी कोरले आहेत आणि ढालीवरून लगेच ओळखू येतात. ब्रिटनमधली हेड्रियनची भिंत बांधली तीन लीजननी, पण तिच्यावर वर्षानुवर्षं पहारा दिला तो ऑक्झिलियानं. त्यामुळे भिंतीवर थंडीत कुडकुडणारा, घरच्यांच्या आठवणीनं व्याकूळ झालेला नायक लीजनरी दाखवला असेल, तर तिथंच थांबून विचारावं, हा इथं काय करतोय?

मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्याला शिलेदार आणि बारगीर वेगळे सांगावे लागत नाहीत. दोघेही घोड्यावरच, पण घोडा स्वतःचा की सरकारचा यावर दोघांची पत आणि कमाई ठरे. इथं घोड्याच्या जागी नागरिकत्व ठेवलं की बराचसा गुंता सुटतो.

आता घरात शिरू. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळापासून साध्या शिपायाला, मग तो लीजनचा असो की ऑक्झिलियाचा, सेवेत असताना लग्न करता येत नसे. सेनापती, प्रीफेक्ट (तुकडीचे प्रमुख) अशा वरच्या अधिकाऱ्यांना ही बंदी नव्हती. बंदी होती म्हणून शिपाई एकटे राहिले, असं मात्र अजिबात नाही. छावण्यांच्या दाराबाहेर वस्त्या वाढल्या आणि त्यांत शिपायांच्या बायका आणि पोरं राहिली. उत्तर इंग्लंडमधल्या विंदोलांडा या ऑक्झिलियाच्या ठाण्यात उत्खननात चामड्याच्या चपला-बुटांचा मोठा साठा मिळाला, त्यात बायकांची आणि लहान मुलांची पादत्राणंही आहेत. सरकारनं डोळेझाक केली होती. प्रश्न यायचा तो माणूस मेला की.

लीजनरीच्या बाबतीत हा प्रश्न फार क्रूर होता. तो स्वतः नागरिक. पण कायद्यानं मान्य अशा लग्नाबाहेर जन्मलेलं मूल आईचा दर्जा घेई. आई सीरियन किंवा इजिप्तची साधी प्रजा असेल तर मूलही तेच. बाप रोमन, पोर परकं. इजिप्तच्या वाळूत टिकलेल्या एका पपायरसवर अशा खटल्यांचे निकाल नोंदलेले आहेत. ते वाचताना रुटिलियस लुपस या प्रीफेक्टचा, म्हणजे इथं इजिप्तच्या राज्यपालाचा, कोरडा आवाज ऐकू येतो. एका शिपायाच्या मागे राहिलेली बाई त्याच्या मालमत्तेतून आपली ठेव परत मागते. लुपसचं म्हणणं असं की या ठेवी म्हणजे खरं तर हुंडे आहेत हे आम्ही जाणतो. शिपायाला लग्नाची परवानगी नाही, तेव्हा हुंडाही नाही आणि दावाही नाही. हुंड्याला ठेवीचं नाव देऊन कागद करणं ही घरातल्यांनी शोधलेली पळवाट होती, आणि न्यायालयानं ती ओळखून बंद केली. कादंबरीकाराला याहून जिवंत प्रसंग कुठे मिळणार?

इ.स. ११९ मध्ये सम्राट हेड्रियननं यात थोडी फट पाडली. त्याचं पत्र अलेक्झांड्रियातल्या लीजनच्या छावणीत सर्वांसाठी लावलं गेलं. बापाच्या सेवाकाळात जन्मलेली मुलं कायदेशीर वारस ठरणार नाहीत, हे त्यात कायमच आहे. पण रक्ताची नातेवाईक म्हणून त्यांना मागणी करता येईल, एवढी मोकळीक दिली. त्याआधीही एक मार्ग होता: शिपायाच्या मृत्युपत्राला नेहमीचे नियम लावत नसत, आणि तो नागरिक नसलेल्यालाही वारस नेमू शके. म्हणजे बाळाचा बाप म्हणून नव्हे, तर मृत्युपत्र करणारा म्हणून त्याला पोराची सोय लावता येई. मृत्युपत्र करायचं राहून गेलं आणि माणूस लढाईत गेला, तर काय, हा प्रश्न ११९ पूर्वीच्या प्रत्येक लीजनरी बापाच्या उशाशी असणार.

सेवा पूर्ण झाल्यावर लीजनरीला काय मिळे? ऑगस्टसच्या व्यवस्थेनुसार तीन हजार देनारियस (रोमन चांदीची नाणी), किंवा त्याऐवजी जमीन. त्या वेळी त्याचा वर्षाचा पगार २२५ देनारियस होता, म्हणजे रक्कम तेरा वर्षांच्या पगाराहून मोठी. हे पैसे सैनिकी खजिन्यातून येत. तो खजिना इ.स. ६ मध्ये उघडला आणि त्यासाठी नागरिकांच्या वारशावर पाच टक्के कर बसवला. पैसा भरपूर, पण काशाचा पत्रा नाही. (अपवाद आहे: आरमारातल्या लोकांतून उभारलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या आद्युत्रिक्स लीजनच्या शिपायांना ६८ आणि ७० साली असे पत्रे मिळाले, पण ते मुळात खलाशी होते म्हणून.) आधीच नागरिक असलेल्याला नागरिकत्व काय द्यायचं, असा सरकारचा हिशेब. त्यामुळे लीजनरीच्या पोराला रोमन व्हायचं तर एक रस्ता बापाच्याच छावणीतून जाई. दुसऱ्या शतकातल्या इजिप्तच्या लीजनच्या नामावल्यांत गावाच्या जागी ‘कास्त्रिस’, म्हणजे ‘छावणीतला’, असं लिहिलेली बरीच नावं दिसतात. ही शिपायांची पोरं. भरती होतानाच त्यांना नागरिकत्व मिळे. बापाकडे आधीपासून असलेली गोष्ट मुलाला पंचवीस वर्षांच्या नोकरीच्या बोलीवर मिळायची.

ऑक्झिलियातल्या माणसाचं गणित याच्या अगदी उलटं. त्याच्याकडे सुरुवातीला काहीच नाही, पण पंचवीस वर्षांच्या टोकाला तो पत्रा आहे. काशाच्या दोन लहान पट्ट्या, तारेनं एकत्र बांधलेल्या. बाहेर मजकूर, आतही तोच मजकूर, आणि तारेवर सात साक्षीदारांच्या मोहरा. बाहेरच्या मजकुरात कुणी फेरफार केला तर मोहरा फोडून आतला ताडून बघायचा. मूळ हुकूम रोममध्ये लावलेला असे, ही त्याची खातरजमा केलेली नक्कल. आज मिळालेल्यांपैकी सर्वांत जुना पत्रा इ.स. ५२ चा, क्लॉडियसच्या काळातला, आरमारातल्या एका माणसाचा आहे. मजकुराचा गाभा असा: या माणसांना, त्यांच्या मुलांना आणि वंशजांना नागरिकत्व; आणि आत्ता असलेल्या किंवा पुढे केलेल्या बायकोशी कायदेशीर विवाहाचा हक्क, मात्र एकाला एकच. बायको स्वतः नागरिक होत नाही. पण तिच्याशी असलेलं नातं कायद्यात बसतं आणि पुढची मुलं जन्मतः रोमन ठरतात.

म्हणून ऑक्झिलिअरी बापाची प्रत्येक वर्षाची हजेरी ही पोरांच्या नावावर जमा होत असे, असं मला वाटतं, आणि कादंबरीत ती तशी जाणवली पाहिजे. इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरला लाँगिनस नावाच्या थ्रेशियन घोडेस्वाराची समाधिशिळा आहे. सार्दिकाचा, म्हणजे आजच्या सोफियाचा माणूस. वय चाळीस, सेवा पंधरा वर्षं. शिळा वारसांनी मृत्युपत्रानुसार उभारली. पत्र्याला दहा वर्षं बाकी होती.

इथं एक साल पक्कं लक्षात ठेवायला हवं: इ.स. १४०. सम्राट अँटोनायनस पायसच्या काळात पत्र्यांवरच्या मजकुरातून ऑक्झिलियाच्या शिपायांच्या आधीच जन्मलेल्या मुलांचा उल्लेख गळला. शिपाई नागरिक होई, विवाहाचा हक्क मिळे, पण सेवेत असताना झालेली पोरं बाहेर राहत. कारणांवर अभ्यासकांचा वाद आहे. मला यात पोरांना भरतीकडे ढकलण्याचा हेतू दिसतो, कारण आता त्यांची स्थिती लीजनरीच्या पोरांसारखीच झाली. काहीही असो, ज्या बापानं १२० साली नाव नोंदवलं आणि १४५ साली सुटला, त्याच्या आशेचा पाया नोकरीची पाच वर्षं उरली असतानाच कुणीतरी काढून घेतला. या माणसावर कादंबरी लिहिली जायला हवी.

जन्माच्या घराशी असलेल्या नात्यातही फरक आहे. ऑक्झिलियाची तुकडी सुरुवातीला एकाच जमातीतून उभी राही, त्यामुळे शेजारचा शिपाई म्हणजे गावचा, कधी भावकीतला. याचा परिणाम ६९ साली दिसला. रोमन अधिकारी बटाव्हियनांच्या भरतीत म्हाताऱ्यांना पकडून पैसे घेऊन सोडत आणि देखण्या पोरांना वेगळ्याच कारणासाठी ओढून नेत, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. बंड पेटलं, रोमच्या सेवेतल्या बटाव्हियन कोहॉर्टही त्यात सामील झाल्या, आणि बंडाचा म्होरक्या सिव्हिलिस यानं लढाईच्या वेळी आपली आई, बहिणी आणि सगळ्यांच्या बायकामुलांना फौजेच्या मागे उभं केलं. लीजनच्या शिपायाची जन्मभूमी बहुधा दूर राहिलेली. जर्मनीतल्या क्झांटेनची प्रसिद्ध शिळा बघा: मार्कस कायलियस, अठराव्या लीजनचा सेंच्युरियन (लीजनमधल्या छोट्या तुकडीचा नायक), इ.स. ९ मध्ये सेनापती व्हारसबरोबर जर्मनीत मारला गेला, वय त्रेपन्न. शिळा उभारली भावानं. बाजूला दोन चेहरे कोरले आहेत ते त्याच्या मुक्त केलेल्या गुलामांचे. बायको नाही, मूल नाही. हाडं मिळाली तर इथं ठेवता येतील, असंही लिहून ठेवलंय.

भावाच्या नात्याचं वजन किती होतं ते डॅन्यूबकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या इ.स. १४ च्या लीजनच्या बंडात कळतं. व्हिब्युलेनस नावाच्या साध्या लीजनरीनं साथीदारांच्या खांद्यावर चढून टाहो फोडला: माझ्या भावाला सेनापतीनं मारलं, त्याचं प्रेत कुठे टाकलं? जमाव सेनापतीच्या जिवावर उठला. नंतर निघालं असं की त्याला भाऊच नव्हता. पण त्या खोट्यानं माणसं पेटली, हेच त्या नात्याचं माप.

आणखी एका गल्लतीपासून सावध राहावं. विंदोलांडाच्या लाकडी पाट्यांवर क्लॉडिया सेव्हेरानं सुल्पिसिया लेपिडिनाला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावलेलं पत्र आहे, इ.स. १०० च्या आसपासचं. आणि शेवटच्या ओळी सेव्हेराच्या स्वतःच्या हातच्या. हे घर बटाव्हियन कोहॉर्टच्या प्रीफेक्टचं. तो वाढदिवस साध्या शिपायाच्या खोपटात नेऊन ठेवू नये. शिपायाचं घर दुसऱ्या पाटीत भेटतं: कुणीतरी कुणाला तरी मोजे, चपलांचे दोन जोड आणि आतल्या चड्ड्यांचे दोन नग पाठवल्याचं कळवलंय.

दोन्हींच्या मधली शिडी बघायची असेल तर इजिप्तच्या करानिसमधल्या क्लॉडियस टेरेंशियानसची पत्रं आहेत, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची. हा पोरगा आरमारात अडकलाय आणि कोहॉर्टमध्ये बदली हवीय. वडील मानलेल्या टिबेरियानसला तो लिहितो की इथं पैशाशिवाय काही हलत नाही आणि शिफारसपत्रांचा उपयोग होत नाही. बूट, तलवार, झगा मागतो. पाठवलेली कुऱ्हाड ऑप्टिओनं, म्हणजे दुय्यम अधिकाऱ्यानं, काढून घेतली, म्हणून कळवतो. पुढे तो लीजनमध्ये पोहोचला.

काळ पुढे सरकला की हे सगळं फिकं पडतं. इ.स. १९७ मध्ये सेप्टिमियस सेव्हेरसनं शिपायांना बायकांबरोबर राहण्याची मुभा दिली, आणि २१२ मध्ये कॅराकल्लानं साम्राज्यातल्या जवळपास सर्व स्वतंत्र लोकांना नागरिक केलं. त्यानंतरच्या कादंबरीत पत्रा आणि परकं पोर यांवर कथानक उभं करता येत नाही. अंतर मात्र उरतं. तिसऱ्या शतकातलं मानलं जाणारं ऑरेलियस पोलियोनचं पत्र तेवढंच सांगतं. इजिप्तमधल्या तेब्तुनिसचा हा माणूस दुसऱ्या आद्युत्रिक्स लीजनमध्ये, पॅनोनियात. तो भाऊ, बहीण आणि पाव विकणाऱ्या आईला लिहितो की मी सहा पत्रं पाठवली, तुमचं एकही आलं नाही; आता वरिष्ठांकडून रजा मिळवून येतो, म्हणजे मी तुमचाच भाऊ आहे हे तुम्हाला कळेल.