वाळवीचे काम ठरवण्यापूर्वी: घरमालकांसाठी माहितीपत्रक

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि लगतच्या गोव्यात आम्ही घरांच्या वाळवीचे काम करतो. काम ठरवताना बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न दराचा विचारतात आणि तो रास्तच आहे. मात्र त्या दरात नेमके काय मिळणार आहे, हे ठाऊक नसेल तर दोन अंदाजपत्रकांची तुलना करता येत नाही. वाळवीच्या उपचाराचा खर्च हा मुख्यतः जमिनीत मुरवलेल्या औषधाचा आणि ते मुरवण्यासाठी लागणाऱ्या श्रमांचा असतो. म्हणून किती औषध, किती पाण्यातून आणि कोठे गेले, हे ग्राहकाने स्वतः उभे राहून मोजून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

वाळवी आहे की आणखी काही?

कोकणातील घरांना सर्वाधिक उपद्रव होतो तो जमिनीतील वाळवीचा. तिचे मूळ वसतिस्थान जमिनीखाली असते. अंधार आणि ओल सोडून तिला राहता येत नाही, म्हणून ती भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधत लाकडापर्यंत पोहोचते. जांभ्याच्या भिंतीत दगडांची छिद्रे आणि सांध्यांतील माती यांतून तिला आतल्या आत वाट मिळते, त्यामुळे बाहेर एकही नळी दिसण्याआधी ती दाराच्या चौकटीत किंवा छपराच्या वाशांत शिरलेली असू शकते. चौकटीचा रंग वरून शाबूत दिसतो, परंतु बोटाने ठोकल्यास पोकळ आवाज येतो. चौकटीचा जमिनीलगतचा भाग, भिंतीला टेकलेल्या कपाटाची मागची बाजू, न्हाणीघराची भिंत आणि माळ्यावर ठेवलेली गोणपाटे या जागा प्रथम पाहाव्यात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती जमणारे पंखवाले किडे आणि सकाळी खिडकीशी पडलेला पंखांचा खच हीही खूण आहे, परंतु ते किडे अंगणातूनही आलेले असू शकतात. केवळ तेवढ्यावरून घाबरून काम ठरवू नये.

नळी आढळल्यास तिचा बोटभर भाग खिळ्याने मोडून ठेवावा. दोन-चार दिवसांत तो भाग ओल्या मातीने पुन्हा बांधलेला दिसला, तर वाळवी वावरत आहे हे निश्चित समजावे. सर्व नळ्या मात्र पुसून टाकू नयेत, कारण वाळवी कोठून येते याचा माग त्यांच्यावरूनच लागतो. रॉकेल किंवा डिझेल ओतल्याने समोर दिसणारी वाळवी मरते, जमिनीतील वसाहत तशीच राहते आणि घरात आगीचा धोका मात्र वाढतो.

लाकडाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल आणि लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे असतील, तर ती वाळवी नसून घुण आहे. कोरड्या लाकडातच राहणारी वाळवीची एक वेगळी जातही असते. तिची विष्ठा खसखशीसारख्या कोरड्या, टणक दाण्यांच्या रूपात खाली साठते आणि तिच्या नळ्या नसतात. या दोन्ही बाबतींत जमिनीला भोके पाडून काहीही साधत नाही. त्या लाकडावरच उपचार करावा लागतो आणि त्याचा खर्च बराच कमी येतो. अशा ठिकाणी संपूर्ण घराचे काम मागितले गेले तरी आम्ही ते स्वीकारत नाही.

काम कसे होते आणि ते कसे मोजावे

राहत्या घरातील वाळवीच्या उपचारासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग लागू होतो. त्यानुसार भिंत आणि फरशी जेथे मिळतात तेथे १२ मिलिमीटर व्यासाची भोके सुमारे ३०० मिलिमीटर, म्हणजे एकेक फूट अंतरावर पाडली जातात, प्रत्येक भोकात साधारण एक लिटर द्रावण दाबाने सोडले जाते आणि शेवटी भोके सिमेंटने बुजवली जातात. बाहेरच्या बाजूने जोत्यालगतची मातीही याच प्रकारे भिजवली जाते. घराभोवती सलग औषधी पट्टा तयार व्हावा, हा या सर्वांचा उद्देश असतो. पट्ट्यात एका खोलीपुरता जरी खंड राहिला तरी वाळवी तीच वाट धरते.

आपल्या घरात भिंतींची एकूण लांबी १५० फूट असेल, तर सुमारे १५० भोके पाडावी लागतात आणि तितकेच लिटर द्रावण लागते. आम्ही वापरत असलेले इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के हे औषध लिटरला २.१ मिलिलिटर या प्रमाणात मिसळले जाते, म्हणजे एवढ्या कामाला मूळ औषध ३१५ मिलिलिटर लागेल. बाटली आपल्यासमोर उघडली जाते. तिचे सील, मुदत आणि लेबलवरील प्रमाण आपण पाहून घ्यावे. पाठीवरचा १६ लिटरचा एकच पंप घेऊन अर्ध्या तासात संपूर्ण घर उरकणाऱ्या कामाचा दर कितीही कमी वाटला, तरी त्यात जमिनीत काय गेले असेल याचा हिशेब आता आपल्यालाही करता येईल.

या औषधाला उग्र वास नसतो. पूर्वीच्या औषधांचा वास कित्येक दिवस घरात राहत असे, त्यामुळे वास आला नाही तर औषध मारलेच नाही, असा समज होतो; तो बरोबर नाही. वाळवीला हा पट्टा जाणवत नाही, ती त्यातून ये-जा करते आणि हळूहळू मरते. म्हणून कामानंतर काही आठवडे एखाद्या नळीत वाळवी दिसली तरी काम फसले असे समजू नये.

विहिरीबाबत आम्ही अतिशय काटेकोर आहोत. विहीर, पाण्याची भूमिगत टाकी आणि फरशीखालील नळ व विजेच्या वाहिन्या कोठे आहेत, हे पाहणीच्या वेळीच सांगावे. विहिरीलगतच्या बाजूला जमिनीत औषध न सोडता केवळ लाकडावर उपचार केला जातो. जून ते सप्टेंबर या काळात जमीन पाण्याने भरलेली असल्याने औषध मुरत नाही आणि वाहून जाऊ शकते, म्हणून जमिनीचे काम ऑक्टोबर ते मे या काळातच केले जाते. कामाच्या दिवशी गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांनी दुसरीकडे राहावे, तसेच माशांची टाकी बाहेर हलवावी.

परसातील वारूळ मोडण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. अनेक घरांत त्याची सातेरी देवीच्या रूपात पूजा होते, पावसाळ्यात तेथे अळंबी उगवते, आणि ते मोडल्याने घरातली वाळवी थांबेल याची खात्रीही नसते. घराभोवतीचा पट्टा सलग असला की पुरे.

पैसे केव्हा आणि कशाचे

पाहणीनंतर लेखी अंदाजपत्रक दिले जाते. त्यात भिंतींची लांबी, भोकांची संख्या, औषधाचे नाव व प्रमाण आणि लाकडावरील कामाचा खर्च वेगवेगळा लिहिलेला असतो. आमची नोंदणी असल्याने एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १०,००० रुपयांच्या कामाला ११,८०० रुपये होतात. ज्या व्यावसायिकाची नोंदणी नाही त्याला जीएसटी आकारता येत नाही, म्हणून कोणाच्याही बिलावर कर दाखवला असेल तर जीएसटी क्रमांक अवश्य पाहावा. त्याचप्रमाणे कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील नियमांनुसार या व्यवसायाला परवाना आवश्यक आहे. तो मागितल्यास आम्हाला आनंदच होईल.

काम ठरताना ३० टक्के, काम पूर्ण झाल्यावर ५० टक्के आणि सुमारे दीड महिन्याने होणाऱ्या फेरपाहणीनंतर उरलेले २० टक्के, अशी आमची पद्धत आहे. शेवटचा हप्ता मागे ठेवण्याचा नियम आम्हीच घातला आहे, कारण परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो आणि तोवर पूर्ण पैसे घेणे आम्हाला योग्य वाटत नाही. रोख, धनादेश किंवा यूपीआय, कोणत्याही मार्गाने दिलेल्या रकमेची पावती मिळते. भाड्याच्या घरात खर्च कोणी करायचा हे मालक व भाडेकरू यांनी आधी ठरवावे. इमारतीतील तळमजल्याच्या सदनिकेत वाळवी जोत्यातून येत असेल, तर प्रथम गृहनिर्माण संस्थेच्या समितीशी बोलावे, कारण एकाच सदनिकेत केलेले काम अशा वेळी अपुरे पडते.

हमी तीन वर्षांची आहे. त्या काळात वाळवी पुन्हा आढळल्यास त्या भागाचा उपचार विनामूल्य केला जातो. खराब झालेल्या लाकडाची भरपाई मात्र हमीत येत नाही. फरशी उकलल्यास, भिंतीलगत नवी माती भरल्यास किंवा पडवी वाढवल्यास पट्टा तुटतो, म्हणून असे बांधकाम करण्याआधी आम्हाला कळवावे. तेवढ्या भागाचे काम वेगळ्या, कमी दराने करून हमी चालू ठेवता येते. लाकूडफाटा आणि नारळाची सोडणे भिंतीला लावून रचू नयेत, आणि पावसाळ्यासाठी भिंतीला बांधलेले झाप पाऊस संपताच काढावेत, कारण जमिनीला टेकलेल्या झापावरून वाळवी औषधी पट्टा ओलांडून थेट वाशांपर्यंत जाते. घर विकल्यास हमीपत्र उरलेल्या मुदतीसाठी नव्या मालकाच्या नावे करून दिले जाते. त्यासाठी वेगळा आकार घेतला जात नाही.